पेशींच्या पुरचुंड्या : शरीरात, दुधात आणि पिकात चालणारी निरोपांची देवाणघेवाण

गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट व पिवळसर दूध मिळते त्यास आपण चीक म्हणतो. चिकाचा खरवस घरोघरी आवडीने केला जातो. मात्र अनेक ठिकाणी जार पडेपर्यंत वासराला कासेजवळ जाऊ दिले जात नाही. काही घरांत तर पहिल्या धारेचा चीक वासराच्या आधी पातेल्यात जातो. ही पद्धत वासराच्या जिवावर बेतू शकते, हे पशुवैद्यक अनेक वर्षांपासून सांगत आले आहेत. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात, हे त्याचे कारण सर्वांना माहीत आहे. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांना चिकात आणि दुधात आणखी एक गोष्ट आढळून आली आहे. ती म्हणजे कासेतील पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या होत. त्यांना शास्त्रीय भाषेत पेशीबाह्य पुटिका असे म्हणतात. माणसाच्या वैद्यकशास्त्रात सध्या या विषयावर मोठ्या प्रमाणावर संशोधन चालू आहे. त्याचा दुग्धव्यवसायाशी व पीक संरक्षणाशीही संबंध येत असल्याने शेतकरी बंधू-भगिनींना त्याची माहिती असणे उपयुक्त आहे.

पेशी एकमेकींना निरोप कसा देतात?

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. एकट्या पेशीला सर्व कामे करता येत नाहीत. कोणी रक्त तयार करते, कोणी दूध, तर कोणी रोगजंतूंशी लढते. या कामांचा मेळ बसण्यासाठी पेशींना एकमेकींना निरोप द्यावा लागतो. त्याचे काही मार्ग पूर्वीपासून माहीत आहेत. शेजारच्या पेशी एकमेकींना चिकटून निरोप देतात. मज्जातंतू विजेसारख्या संदेशाने निरोप देतात. ग्रंथी रक्तात संप्रेरके सोडतात. पान्हा सुटणे हे याचे रोजच्या पाहण्यातील उदाहरण आहे. वासराने कासेला ढुशी दिली की मेंदूला संदेश जातो, तेथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते आणि कासेतील दूध उतरते.

संप्रेरक हा एका शब्दाचा निरोप असतो. परंतु पेशीला कधी कधी एकाच वेळी बऱ्याच वस्तू पाठवायच्या असतात. अशा वेळी ती स्वतःच्या पटलाचा लहानसा तुकडा घेऊन त्यात प्रथिने, मेद आणि आरएनए बांधते व बाहेर सोडते. फडक्यात भाकरी, चटणी आणि कांदा बांधून शेतावर पुरचुंडी पाठवावी तसाच हा प्रकार आहे. वरचे फडके म्हणजे मेदाचे पातळ पटल. त्यामुळे आतील माल वाटेत खराब होत नाही. पटलाच्या बाहेरच्या अंगाला काही प्रथिने असतात. पुरचुंडी कोणत्या पेशीला चिकटावी हे बऱ्याच अंशी त्यांवरून ठरते.

पुटिकांचे प्रकार

आकार आणि तयार होण्याची पद्धत यांवरून पुटिकांचे तीन मुख्य प्रकार मानले जातात.

१) एक्सोसोम : यांचा आकार साधारणपणे ३० ते १५० नॅनोमीटर असतो. पेशीच्या आत एक पिशवी असते. तिचे पटल आतल्या बाजूस दुमडून तिच्यात पुष्कळ लहान पिशव्या तयार होतात. मटाराच्या शेंगेत दाणे असावेत तशी ही रचना दिसते. ही मोठी पिशवी पेशीच्या कडेला येऊन बाहेरच्या पटलाला मिळते, तेव्हा आतील दाणे बाहेर पडतात.

२) सूक्ष्मपुटिका : यांचा आकार सुमारे १०० ते १००० नॅनोमीटर असतो. पेशीच्या बाहेरच्या पटलाला फुगवटा येऊन तो तुटतो व ही पुटिका सुटी होते.

३) मृत पेशींचे तुकडे : पेशीचे आयुष्य संपल्यावर ती ठरावीक पद्धतीने मोडते. त्या वेळी होणारे हे तुकडे वरील दोन्ही प्रकारांपेक्षा बहुधा मोठे असतात.

एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर होतात. म्हणजे १०० नॅनोमीटर आकाराच्या पुटिका एका ओळीत मांडल्या तर एका मिलिमीटरमध्ये १० हजार बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

त्या वेगळ्या करण्याची एक पद्धत दुग्धव्यवसायातील व्यक्तीला सहज समजेल. दूध संकलन केंद्रावरील सेपरेटर वेगाने फिरतो, तेव्हा हलकी साय आणि जड दूध वेगळे होते. प्रयोगशाळेतील यंत्र याच तत्त्वावर चालते. फक्त तेथे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट जोर लावला जातो. आधी कमी वेगाने पेशी व त्यांचे तुकडे खाली बसवून काढून टाकतात. शेवटी सर्वांत जास्त वेगाने पुटिका तळाशी बसवतात.

मेंढीच्या रक्तातून लागलेला शोध

रक्तात पेशींखेरीज आणखी काही सूक्ष्म कण असावेत, अशी शंका १९४६ साली चारगॅफ व वेस्ट या संशोधकांच्या प्रयोगातून पुढे आली. रक्तातील पेशी व बिंबिका काढून टाकलेला द्रव वेगाने फिरविला असता त्याला गोठण्यास जास्त वेळ लागू लागला. म्हणजेच गोठण्यास मदत करणारे काहीतरी तळाशी गेले होते. पीटर वुल्फ यांनी १९६७ साली या कणांचे वर्णन बिंबिकांची धूळ असे केले. धूळ म्हटल्यावर तिच्याकडे कोण लक्ष देणार? पुढील पंधरा वर्षे या धुळीची फारशी दखल घेतली गेली नाही.

या संशोधनास खरे वळण मेंढीच्या रक्ताने दिले. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन या जीवरसायनशास्त्रज्ञ तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करीत होत्या. मेंढीचे रक्त काढले किंवा पोटातील जंतांमुळे तिचे रक्त कमी झाले की ती तूट भरून काढण्यासाठी अस्थिमज्जेतून कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात येतात. कोवळ्या पेशीला हिमोग्लोबिन बनवायचे असल्याने लोह लागते. त्यासाठी तिच्या पटलावर लोह पकडणारी प्रथिने असतात. पेशी पक्व झाली की त्यांचे काम संपते आणि ती पटलावरून नाहीशी होतात. ती जातात कोठे, हा प्रश्न होता.

ही प्रथिने पेशीच्या आतच मोडली जात असावीत असे त्या वेळी वाटत होते. परंतु १९८३ साली पॅन व जॉनस्टोन यांनी मेंढीच्या कोवळ्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या, तेव्हा ही प्रथिने पेशीभोवतालच्या द्रवात सूक्ष्म पिशव्यांवर सापडली. त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुईस येथील संशोधकांनाही उंदराच्या रक्तपेशींत हाच प्रकार स्वतंत्रपणे आढळला. जॉनस्टोन यांच्या गटाने १९८७ साली या पिशव्यांसाठी एक्सोसोम हे नाव वापरले.

तरीही पेशी नको असलेला माल टाकून देण्यासाठी या पिशव्या वापरते, असाच समज होता. उकिरड्यावर टाकलेला कचरा म्हणून अनेकांनी या विषयाकडे पाठ फिरविली. कचरा समजला जाणारा हा माल प्रत्यक्षात उपयोगी आहे हे कळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. आपल्याकडे शेणाचे खत होते हे ज्याला माहीत आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

कचरा नव्हे, टपाल

रापोसो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे दाखविले की, रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींच्या पुटिका दुसऱ्या पेशींना रोगजंतूची ओळख पटवून देऊ शकतात. त्यानंतर २००७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. उंदराच्या पेशींनी सोडलेल्या पुटिका माणसाच्या पेशींना देण्यात आल्या. काही काळाने माणसाच्या त्या पेशींत उंदराची प्रथिने तयार झालेली आढळली. म्हणजे पुटिकेतून आरएनए गेले, समोरच्या पेशीने ते वाचले आणि त्याप्रमाणे काम केले.

आरएनए म्हणजे काय हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. डीएनए ही पेशीतील मूळ नोंदवही होय. तिच्यातील कामापुरत्या मजकुराची नक्कल म्हणजे आरएनए. या नकलेवरून प्रथिने तयार होतात. काही आरएनए अगदी लहान असतात. त्यांच्यावरून प्रथिन तयार होत नाही, तर ठरावीक काम बंद ठेवण्याचा हुकूम त्यांच्यामार्फत दिला जातो. पीक संरक्षणाच्या दृष्टीने हे लहान आरएनए महत्त्वाचे आहेत. त्याचा विचार पुढे केला आहे.

वैद्यकशास्त्रातील उपयोग

रोगी पेशीही पुटिका सोडतात व त्यांत त्या रोगाची खूण असते. त्यामुळे शरीराचा तुकडा न काढता रक्त किंवा लघवी तपासून रोग ओळखता येईल काय, यावर संशोधन चालू आहे. पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी लघवीतील पुटिका तपासण्याची चाचणी अमेरिकेत वापरात आली आहे. कर्करोगाच्या पेशी आपल्या पुटिका पुढे पाठवून दूरच्या अवयवात आपल्यासाठी जागा तयार करून घेतात, असेही उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

याच पुटिकांत औषध भरून ते रोगाच्या जागी पोचविण्याचाही प्रयत्न चालू आहे. यासाठी पुटिका मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात कोठून मिळवायच्या हा प्रश्न होता. त्याचे एक उत्तर गाईच्या दुधात सापडले. अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठातील संशोधकांनी दुधातील पुटिकांत पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध भरून ते उंदरांना तोंडावाटे दिले. एरवी हे औषध शिरेतून द्यावे लागते. हे प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, माणसासाठी तयार झालेले औषध नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. एक्सोसोम हा शब्द गाजू लागताच काही दवाखान्यांनी गुडघेदुखीपासून केस गळण्यापर्यंत सर्व तक्रारींवर एक्सोसोमची इंजेक्शने देण्यास सुरुवात केली. अमेरिकेत अशा उपचारानंतर काही रुग्णांना गंभीर त्रास झाला. तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर सूचना काढून, आपण मान्यता दिलेले एकही एक्सोसोम उत्पादन नाही असे स्पष्ट केले. अशा जाहिरातींना बळी पडून कष्टाचे पैसे घालवू नयेत.

चीक आणि दूध

मानवी मातेच्या दुधात व चिकात अशा पुटिका असल्याचे २००७ साली, तर गाईच्या दुधातील पुटिकांत आरएनए असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली असे दाखविले की, गाईच्या चिकात लहान आरएनएचे प्रमाण नंतरच्या दुधापेक्षा जास्त असते, आणि जठरातील आम्लासारख्या द्रवातही ते टिकून राहतात. यावरून, माता आपल्या पिलाला दुधाबरोबर काही निरोपही पाठवीत असावी, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. ते निरोप पिलाच्या आतड्यात कितपत वाचले जातात याबद्दल मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही.

वासराच्या दृष्टीने पक्की गोष्ट आहे ती प्रतिपिंडांची. गाई-म्हशीच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रतिपिंडे गर्भात वासराकडे उतरत नाहीत. त्यामुळे वासरू जन्मतः जवळजवळ निःशस्त्र असते. ही प्रतिपिंडे चिकात भरपूर असतात. पहिल्या काही तासांत वासराचे आतडे ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते. ही क्षमता तासागणिक कमी होत जाते व सुमारे २४ तासांनंतर जवळजवळ संपते. जार पडण्याची वाट पाहण्यात हाच मोलाचा वेळ जातो. पुढे हगवण किंवा न्यूमोनिया होऊन वासरू दगावले की दोष नशिबाला दिला जातो.

दूध तापविणे, एकजीव करणे किंवा विरजणे या क्रियांनी दुधातील पुटिका व त्यांतील आरएनए कमी होतात असे दिसून आले आहे. परंतु यावरून माणसांनी कच्चे दूध प्यावे असा अर्थ कोणी काढू नये. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस यांसारखे रोग माणसाला होऊ शकतात. दूध उकळूनच प्यावे.

कासदाहाचे जंतू कासेत शिरल्यावर दुधातील पुटिकांमधील आरएनए बदलतात, असेही अभ्यासात आढळले आहे. पुढेमागे त्यावरून रोग लवकर ओळखण्याची चाचणी निघू शकेल. तोपर्यंत काळ्या कापडावर किंवा स्ट्रिप कपमध्ये पहिल्या धारा तपासणे आणि कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट करणे हेच मार्ग भरवशाचे आहेत.

जंतही निरोप पाठवतात

ही विद्या केवळ यजमानाच्याच शरीराला येते असे नाही. एडिंबरो येथील संशोधकांनी २०१४ साली उंदराच्या आतड्यातील एका गोलकृमीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा कृमी पुटिका सोडतो, त्या उंदराच्या पेशींत शिरतात आणि त्यांतील माल रोगप्रतिकाराचे काम मंद करतो. म्हणजे चोराने राखणदाराला खोटी चिठ्ठी देऊन घरी पाठवावे तसा हा डाव आहे. जंत पोटात दीर्घकाळ कसे तग धरतात याचे एक कारण यातून समजते. जंताची ही चिठ्ठीच ओळखून लस बनविता येईल काय, या दिशेने प्रयत्न चालू आहेत.

पीक आणि बुरशी यांचे युद्ध

वनस्पतींच्या पेशीही पुटिका सोडतात. जर्मनीत बार्लीच्या पानांवर भुरी रोगाचा हल्ला होत असताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करण्यात आली. तेव्हा बुरशी जेथे घुसू पाहत होती, नेमक्या त्याच जागी पुटिका गोळा झालेल्या दिसल्या. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. बांध फुटू लागला की गावकरी मातीची पोती घेऊन तेथे धावतात, तसेच हे दृश्य होते.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी राखी बुरशीवर काम केले. स्ट्रॉबेरी व द्राक्षे सडविणारी हीच बुरशी होय. त्यांना २०१३ साली असे आढळले की, ही बुरशी आपले लहान आरएनए झाडाच्या पेशीत पाठवून झाडाची प्रतिकारशक्ती बंद पाडते. पुढे २०१८ साली याची दुसरी बाजूही दिसली. झाडही पुटिकांत लहान आरएनए भरून बुरशीकडे पाठवते आणि बुरशीची रोग पसरविण्याची क्षमता कमी करते. हे काम अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपावर झाले. मात्र इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली असे दाखविले की, पानातील पेशींच्या बाहेर असणारे बरेचसे आरएनए पुटिकांच्या आत नसून बाहेर प्रथिनांना चिकटलेले असतात. त्यामुळे बुरशीपर्यंत निरोप नेणारी गाडी नेमकी कोणती, हा वाद अजून मिटलेला नाही.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, झाड बुरशीला आरएनएचा हुकूम देऊ शकत असेल, तर तोच हुकूम आपण फवारून देऊ शकतो काय? याच गटाने २०१६ साली टोमॅटो, स्ट्रॉबेरी, द्राक्ष, कांदा आणि गुलाबाच्या पाकळ्या यांवर असे आरएनए लावून पाहिले. त्यांवर राखी बुरशीचा प्रादुर्भाव कमी झाला. अडचण एवढीच की उघड्या पानावर आरएनए फार दिवस टिकत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २०१७ साली चिकणमातीसारख्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर आरएनए बसवून फवारले, तेव्हा एका फवारणीने पानांचे विषाणूपासून किमान २० दिवस संरक्षण झाले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने बटाट्यावरील कोलोराडो भुंगेऱ्यासाठी लेडप्रोना या फवारणीच्या आरएनए कीटकनाशकास नोंदणी दिली. भुंगेऱ्याने फवारलेले पान खाल्ले की त्याच्या शरीरातील एक आवश्यक प्रथिन तयार होणे थांबते.

याचा फायदा असा की हुकूम ठरावीक किडीपुरताच लिहिता येतो. त्यामुळे मधमाशी व मित्रकीटक वाचण्याची शक्यता वाढते. परंतु एकच औषध वारंवार फवारल्यास कीड त्यालाही दाद देईनाशी होऊ शकते, हा जुना धडा येथेही लागू आहे.

शेतकऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

१) वासरू जन्मल्यावर त्याचे नाक-तोंड स्वच्छ करून एक ते दोन तासांच्या आत चीक पाजावा. जार पडण्याची वाट पाहू नये.

२) पहिल्या १२ तासांत वजनाच्या सुमारे एक दशांश एवढा चीक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. २५ किलो वजनाच्या वासरास हे प्रमाण सुमारे अडीच लिटर होते. खरवस उरलेल्या चिकाचा करावा.

३) चीक उकळून वासरास पाजू नये. उकळल्याने प्रतिपिंडे निकामी होतात.

४) चीक पाजण्यापूर्वी कास कोमट पाण्याने धुवून कोरडी करावी. गाईला कासदाह असल्यास त्याच वेळी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक द्यावा.

५) मेंढ्या-शेळ्यांना जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजनानुसार योग्य मात्रेत द्यावे.

६) एक्सोसोम किंवा आरएनए असे शब्द छापलेली औषधे, टॉनिके अथवा फवारण्या कोणी विकू लागल्यास लेबलवरील नोंदणी क्रमांक पाहावा. तो नसल्यास खरेदी करू नये. शंका असल्यास नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

७) भुरी, करपा यांसारख्या रोगांसाठी रोगट पाने वेचून नष्ट करणे, बागेत हवा खेळती ठेवणे आणि शिफारस केलेली औषधे वेळेवर फवारणे हेच उपाय आज करावयाचे आहेत.

ज्या कणांना एके काळी धूळ व कचरा समजले गेले, तेच आज रोगाची खूण सांगणारे टपाल ठरले आहे. त्यावर आधारलेली औषधे आपल्या हाती येण्यास वेळ लागेल. परंतु गाईने वासरासाठी चिकात जे पाठविले आहे, ते वेळेवर पोचविण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. ते काम गोठ्यातच, व्याल्यानंतरच्या पहिल्या तासात करावयाचे आहे.